दुसऱ्या मुलाचं तुम्ही कशावरून ठरवलंत?

खिडकीतली
लेक चार वर्षांची झाली. घरी आता एकच विषय, "दुसऱ्याचं बघा, तिला सोबत होईल." मी पस्तिशीची, पुण्यात आयटीत. पैशांची फार ओढाताण नाही. माझं गणित अडतं ते संध्याकाळी साडेसहाला. पाळणाघर तेव्हा बंद होतं. उशीर झाला तर जादा पैसे, पण पैशांपेक्षा काकूंचा चेहरा जड जातो. परवा हिंजवडीहून निघाले आणि वाकडला अडकले. पोचले तर लेक बूट घालून, पाठीला दप्तर लावून एकटीच पायरीवर बसलेली. रडत नव्हती, त्याचंच जास्त लागलं.

२०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झालीय. मी पूर्ण घेतली. परतले तेव्हा माझं काम दुसऱ्याकडे गेलेलं आणि प्रमोशन पुढच्या वर्षावर. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही तेव्हाच कायद्यात आलं. आमच्याकडची सोय ऑफिसपासून नऊ किलोमीटरवर!

नवरा चांगलाय, "सांग ना, करतो" म्हणतो. पण सांगायचं मीच.

"निभतं सगळं" हे उत्तर नको. ते सासूबाईंकडून रोज मिळतं.

माणदेशी
ताई, हे पुण्यापुरतं नाही. मी अंगणवाडी सेविका, १९ वर्षं झाली. लागले तेव्हा रजिस्टरला ४२ पोरं होती, औंदा १७. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आलाय, म्हणजे बाईमागे दोनसुद्धा नाहीत. आमच्या बायका पहिल्या खेपेलाच ऑपरेशनचं विचारून ठेवतात. पण दोन्ही मुली झाल्या की तिसऱ्याचं घर ठरवतं, बाई नाही. आणि ऑपरेशन बाईचंच. एवढ्या वर्षांत नसबंदीला मी दोन गडी नेले, त्यातला एक दारातूनच माघारी पळाला.

राईनकाठ
जर्मनीतून लिहितेय. इथे आई-बाप दोघांनी रजा वाटून घेतली तर मिळून १४ महिने भत्ता मिळतो. मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा हा त्याचा कायदेशीर हक्क, २०१३ पासून. तरी इथला दर दीडच्याही खाली. आमचा मुलगा एकच. नवऱ्याने दोन महिने रजा घेतली, शेजारणींनी त्याचं केवढं कौतुक केलं! माझ्या बाराचं कोणी नाव काढलं नाही. ताप आला की पाळणाघरातून फोन अजून मलाच येतो.

खिडकीतली
राईनकाठ, तुमचं ते फोनचं वाचून काल नवऱ्याला विचारलं, लेकीच्या बाईंचा नंबर आहे का तुझ्याकडे? नव्हता. पाळणाघराच्या फॉर्मवर आता पहिला नंबर त्याचा घातलाय. आज दुपारी त्यांनी त्याला फोन केला. त्याने मला केला.