म्युनिकला हिटलरचं ऐकलं नसतं तर?

जुनीपानं: १९३८ च्या म्युनिक कराराबद्दल वाचतोय, ज्यात युद्ध टाळायला ब्रिटन-फ्रान्सने झेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकला. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनला सगळे भित्रा म्हणतात, पण पहिलं महायुद्ध संपून जेमतेम २० वर्षं झालेली, लोकांना परत युद्ध नकोच होतं, ब्रिटनची विमानंही पुरेशी नव्हती, मग तयारीला एक वर्ष मिळालं ते बरंच झालं ना?

पूर्वरंग: वर्ष मिळालं, पण ते दोघांनाही मिळालं आणि जास्त कमावलं हिटलरने. सुडेटनलँड म्हणजे नुसता जर्मन भाषिकांचा पट्टा नव्हता हो, झेकोस्लोव्हाकियाची बरीचशी तटबंदी तिथल्याच डोंगराळ सीमेवर होती, ती गेली आणि देश उघडा पडला. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा त्यांना जवळपास कुणी अडवलंच नाही, स्कोडाचे शस्त्रकारखाने आयते मिळाले. १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या रणगाड्यांत झेक बनावटीचेही होते, म्हणजे फ्रान्सने ज्या मित्राला वाऱ्यावर सोडलं त्याचीच हत्यारं फ्रान्सवर उलटली. सगळ्यात चीड याची येते की करारावर सह्या हिटलर, इटलीचा मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचा पंतप्रधान दलादिए यांच्या, ज्यांची जमीन जाणार त्या झेक लोकांना चर्चेत जागाच नाही!

सह्यकडा: +१. पण १९३८ फार उशिराचं झालं. मुसोलिनी १९३५ मध्ये ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) घुसला तेव्हा राष्ट्रसंघाने निर्बंध लावले, त्यातून तेल मात्र वगळलं, सुएझ कालवाही त्याच्या जहाजांना खुलाच. पुढे मार्च १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे करारानुसार सैन्य ठेवायला बंदी असलेल्या जर्मन पट्ट्यात, सैन्य घातलं, तेव्हा फ्रेंच सैन्य त्याच्यापेक्षा भारी होतं, तरी कुणी हललं नाही. बोट दिलं की हात धरतात ते असं.

नदीकाठ: थोडं थांबा, प्रत्येक तडजोडीला म्युनिक म्हणू नका. १९५६ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी सुएझ कालवा ताब्यात घेणाऱ्या इजिप्तच्या नासरकडे याच चष्म्यातून बघितलं आणि सुएझवर हल्ला करून तोंडघशी पडले. १९६२ मध्ये केनेडींनी तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं, पण बदल्यात क्यूबातली रशियन क्षेपणास्त्रं गेली.

पूर्वरंग: @नदीकाठ मान्य, पण केनेडींनी आधी नौदलाने क्यूबाची नाकेबंदी केली होती आणि दिलं ते स्वतःचं, दुसऱ्याचा देश नाही. चेंबरलेनने मात्र ३१ मार्च १९३९ ला पोलंडला हमी दिली तोवर म्युनिकमुळे त्या शब्दाला वजनच उरलं नव्हतं, स्टॅलिननेही ऑगस्टमध्ये हिटलरशीच करार केला आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झालाच.