बाहेरचं बास्केटबॉल कोर्ट: खाली डांबर की काँक्रीट?

खडीवाला:
सोसायटीत बास्केटबॉल कोर्ट म्हटलं की ठेकेदार थेट काँक्रीट आणि वर अ‍ॅक्रिलिकच्या रंगीत थराचा भाव देतो. खाली काळी माती असेल तर माझा याला ठाम विरोध आहे. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. ताठ स्लॅबला ते सोसत नाही, तो तडकतो. दीड-दोन मिमीचं अ‍ॅक्रिलिक भेग झाकत नाही, पुढच्या उन्हाळ्यात ती रंगातून वर येते. डांबर थोडं लवचिक असतं. अर्धा मीटर माती काढा, मुरूम 15 सेंमीच्या थरांत पाणी मारून रोलरनं दाबा. वर 20 सेंमी खडी, 5 सेंमी जाड खडीचं डांबर, शेवटी 3 सेंमी बारीक खडीचं. रंगाआधी किमान 14 दिवस, जमल्यास चार आठवडे थांबा. ताज्या डांबरावर रंग धरत नाही.

समतल:
अजिबात पटलं नाही. अर्धा मीटर मुरूम भरल्यावर मातीची हालचाल बरीच कमी होते, मग काँक्रीटला आक्षेप का? कोर्ट 28 बाय 15 मीटरचं, भोवती 2 मीटर मोकळी जागा धरली तर 32 बाय 19. कुंपणाच्या आत एवढ्याशा जागेत पेव्हर (डांबर पसरायचं यंत्र) नीट फिरत नाही. मग डांबर फावड्यानं पसरतात आणि खळगे राहतात. शिवाय मे महिन्यात डांबर मऊ पडतं, बास्केटच्या चाकांवरच्या पोलखाली ते दबतं.

काँक्रीट असं करा: मुरुमावर पॉलिथिन (ओल वर येऊ नये म्हणून हे टाळूच नका), मग 12.5 सेंमी जाड एम-25 ग्रेडचं काँक्रीट. सांधे साधारण साडेतीन मीटरवर, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कटरनं 3 सेंमी खोल. उशीर झाला की स्लॅब स्वतःच हवा तिथे तडकतो. पृष्ठभाग झाडूनं खरखरीत ठेवा. पॉवर ट्रॉवेलनं (घोटाई यंत्रानं) गुळगुळीत केलेल्या स्लॅबवरून रंग पापुद्र्यानं निघतो. 28 दिवस पाण्यानंच क्युरिंग. क्युरिंग कंपाउंड (पाण्याऐवजी मारायचं रसायन) मारलं तर अ‍ॅक्रिलिक धरत नाही.

खडीवाला:
सांधे मान्य, पण ते रंगातून दिसतातच. आणि पॉलिथिन फाटलं की फोड येतात. निदान रंगाच्या आदल्या दिवशी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर काम थांबवा.

उतार:
दोघेही मूळ प्रश्न सोडून भांडताय. अशा कोर्टांची तक्रार बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याची असते. एकाच दिशेला 1 टक्का उतार द्या, म्हणजे 19 मीटर रुंदीवर 19 सेंमी. मध्ये उंचवटा नको. रंगाआधी पूर्ण कोर्टवर पाणी सोडा. पाऊण-एक तासानं जिथे 2 मिमीहून खोल पाणी उरेल तिथे खडूनं खूण करून अ‍ॅक्रिलिक, सिलिका वाळू आणि सिमेंटच्या मिश्रणानं भरा. नंतर वाळूमिश्रित रिसरफेसरचे (रंगाखालच्या अ‍ॅक्रिलिक थराचे) दोन हात, रंगाचे दोन हात, रबरी स्क्वीजीनं. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

कडेची_फट:
एवढा व्याप नको असेल तर प्लास्टिकच्या इंटरलॉकिंग टाइल्स टाका. पाणी खालून वाहून जातं.

उतार:
वाहून जातं ते उतार असला तरच. खळग्यावर टाइल हलते, खाली डास होतात. शिवाय उन्हात टाइल्स पसरतात. कुंपणाला भिडवून बसवल्या की मधून उचलल्या जातात, म्हणून चारही कडांना मोकळी फट ठेवा. पाया तर तरीही लागतोच.