मदत हवी आहे: १९९३ ची बुलेट घरी पहिल्यांदाच पूर्ण उघडतोय, वेळ किती धरू?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबेल पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

गाडी अण्णांची आहे, म्हणजे वडिलांची. १९९३ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीसाठी जुनं कॉन्टॅक्ट पॉइंटचं इग्निशन), सेल्फ नाही. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि लग्नानंतर आई-अण्णा पहिल्यांदा तुळजापूरला ह्याच गाडीवर गेलेले. येत्या फेब्रुवारीत लग्नाच्या वाढदिवसाला दोघांना परत ह्याच गाडीवर तुळजापूरला पाठवायचंय. जाऊन येऊन नव्वदएक किलोमीटर होतात, पण आत्ता मी तिला शहरातल्या सात रस्त्याच्या पुढे न्यायलाच घाबरतो.

लक्षणं सांगतो. गरम झाली की खालून टकटक येते, अॅक्सिलेटर सोडताना जास्त. वर निळसर धूर, आणि महिन्याला अर्धा लिटर ऑइल खाते. तीन वर्षांपूर्वी एका मेस्त्रीकडे टाकलेली, त्याने नुसत्या रिंगा बदलून दिल्या आणि फुल इंजिन केल्याचे पैसे घेतले, सहा महिन्यांत जैसे थे. म्हणून ह्यावेळी स्वतः करायचं ठरवलंय. अण्णांनी अख्खं आयुष्य माग चालवले, जेकार्डची चादर विणायचे, मशीन उघडायला आणि लावायला त्यांचा हात अजून बसलेला आहे, फक्त गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. ते स्टुलावर बसून सांगणार आणि मी करणार.

करायचंय ते असं: बोअर करून (सिलिंडरचं भोक थोडं मोठं करून) ओव्हरसाइज पिस्टन, हेडचं व्हॉल्व्ह काम, खालचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) जो बुशवर आहे तो रोलर बेअरिंगवाल्या कनेक्टिंग रॉडवर न्यायचा, मेन बेअरिंग नवीन, जास्त ऑइल देणारे पंप बसवायचे आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, तो चांगला आहे.

माझा अनुभव म्हणाल तर क्लच प्लेटा दोनदा बदलल्यात, कार्बोरेटर साफ करतो, टॅपेट सेट करतो, एकदा हेड काढून गॅस्केट टाकलंय. क्रँककेस (इंजिनाचा खालचा भाग, ज्यात क्रँक बसतो) कधीच फोडलेली नाही.

जागा आहे. भवानी पेठेतल्या घरात खालच्या खोलीत पूर्वी चार माग होते, आता ती मोकळीच आहे, उजेड चांगला आहे, आणि मुख्य म्हणजे कुलूप लागतं, त्यामुळे सामान पसरून ठेवलं तरी पोरं हात लावणार नाहीत.

आता खरा प्रश्न. मी बँकेत आहे, त्यामुळे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार एवढंच हातात, रोज संध्याकाळी फार तर दीड तास. दिवाळीला जोडून रजा टाकली तर सलग सहा दिवस मिळतात. मी हिशेब असा केला की दोन दिवस उघडायला, दोन दिवस लेथचं काम, दोन दिवस जोडायला. अण्णा म्हणतात हा हिशेब कागदावरचा आहे, मागाचा एक शाफ्ट बदलायला मला चार दिवस लागायचे. ज्यांनी घरी पहिल्यांदा केलंय त्यांना खरंच किती दिवस लागले? कुठे वेळ गेला? आणि दिवाळीचे सहा दिवस पुरतील का, का पुढे ढकलू?

प्रतिसाद १

एवढं सगळं करतोच आहेस तर ५०० सीसीचं किट टाक ना भावा, खर्च थोडाच वाढेल आणि गाडी उडेल.

प्रतिसाद २

वरच्या दादांना विनंती, असं सहज सांगू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसी बुकात लिहिलेल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय. ३४६ सीसीच्या आरसीवर ५०० चं इंजिन म्हणजे उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सचा वांधा. धागाकर्त्याची यादी योग्य आहे, त्यात सीसी जवळपास तोच राहतो. फक्त क्रँककेस तीच ठेव, इंजिन नंबर त्यावर असतो.

प्रतिसाद ३

मी बार्शीचा, वय ५४, हेच काम मी माझ्या १९८९ च्या गाडीवर घरी केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

सहा दिवसांत होणार नाही. तुझा हात कमी पडेल म्हणून नाही, मधलं काम तुझ्या हातात नाही म्हणून. लेथवाल्याकडे तू पहिला नसतोस, त्याच्याकडे ट्रॅक्टरचं काम पडलेलं असतं. बोअर करायला एक तास लागतो पण नंबर लागायला आठ दिवस. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय कुणी शहाणा माणूस बोअर करत नाही, त्या पिस्टनचं माप घेऊनच बोअर होतो. आता पिस्टनचं माप कधी कळणार, तर ब्लॉक काढून बोअर मोजल्यावर. म्हणजे उघडणे, मोजणे, पिस्टन आणणे, बोअर, हे सगळं एकामागून एकच होतं, एकत्र होत नाही. त्यात तुझे दोन दिवस म्हणजे माझे अठरा दिवस गेले.

क्रँकचंही तसंच. नवीन रॉड आणि पिन टाकून फ्लायव्हील परत बांधल्यावर क्रँक डायल गेजवर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) सेंटरला आणावा लागतो, म्हणजे फिरताना हेलकावा राहत नाही. हे घरी करू नको, ज्याने बुलेटचेच क्रँक बांधलेत अशा माणसाकडे दे आणि तुझ्यासमोर डायल फिरवून दाखवायला सांग. माझ्या पहिल्या माणसाने नुसतं डोळ्याने बघून दिला, मी सगळं इंजिन जोडलं, हँडल एवढं थरथरायचं की परत सगळं खोललं. एक महिना तिथेच गेला.

माझं ऐकशील तर दिवाळीची सलग सुट्टी उघडायला वापरू नको. उघडणं सोपं असतं, साध्या शनिवार-रविवारी होतं. सलग दिवस जोडायला ठेव. जोडताना मधे आठ दिवसांचा खंड पडला की कुठला वॉशर टाकला, कुठला नट आवळला, कुठला नुसता हाताने लावलाय हे डोक्यातून जातं, आणि चुका तिथे होतात. आणि दिवाळीत लेथ चार-पाच दिवस बंदच असणार, म्हणजे तू उघडून बसशील आणि शटर बघत फिरशील. दसऱ्याच्या आधी उघडलंस तर दसरा ते दिवाळी वीस दिवस मिळतात, ते लेथला दे.

उघडताना तीन गोष्टी. टायमिंग साइडला ऑइल पंप चालवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) असतो त्याचे आटे उलटे आहेत, लोक जोर लावून तोडतात, मग तो पार्ट शोधण्यात आठवडा जातो. टायमिंगच्या गिअरवरचे टिंब जुळवून फोटो काढ, मगच काढ. आणि इंजिन स्प्रॉकेटला पुलर लागतोच, हातोडी मारू नको. पुलर आधी घरात आण, मग पाना हातात घे.

बेअरिंग काढताना केस गरम कर, अॅल्युमिनियम फुगतं आणि बेअरिंग बऱ्याचदा आपोआप निसटतं. ठोकून काढलं तर जागा ढिली होते, मग परत लेथ.

अजून एक, ह्यावर लोक भांडतील पण मी ठाम आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आत्ता बसवू नको. आधी नवीन इंजिन तुझ्या जुन्या पॉइंटवरच चालू कर. दोन्ही एकदम बदललं आणि किकवर चालू झाली नाही तर दोष इंजिनात का वायरिंगमध्ये हे शोधण्यात पुढचे चार रविवार जातील. पाचशे किलोमीटर झाले की मग बदल, एका दुपारचं काम आहे.

आणि तुझ्या हिशेबात रनिंग-इन, म्हणजे नवीन इंजिन हळू चालवून बसवणं, कुठेच नाही! नवीन पिस्टन-बोअर आहे, पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत, लोड न देता, सलग न पळवता घालवायचे, मग ऑइल बदलायचं, हेडचे नट परत आवळायचे, टॅपेट बघायचे. ते झाल्याशिवाय आईला मागे बसवून घाटात नेऊ नको. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात हे करू नये, आयर्नचा ब्लॉक आधीच तापतो. डिसेंबर-जानेवारीची सकाळ त्यासाठी सगळ्यात चांगली.

प्रतिसाद ४

काका बरोबर. मी एवढंच जोडतो की पार्टसाठी पुण्याला नाना पेठेत जायचं तर एक पूर्ण दिवस वेगळा धर, हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी गेलास तर रात्रीच परत येतोस. आणि जुना पिस्टन, जुना रॉड सोबत घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून आणलेलं परत करायला अजून एक दिवस जातो. गॅस्केट सेट दोन आण. पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरचे रबर पण बदलून टाक, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्के आहे, जुनं रबर फुगतं.

धागाकर्ता

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. बार्शीच्या काकांचं मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. जोडायला सलग दिवस ठेव हे ऐकल्यावर म्हणाले, हा माणूस मशीनवर बसलेला आहे. मग त्यांनी माळ्यावरून मागाचे सुटे भाग ठेवायचे पत्र्याचे डबे काढून दिले, प्रत्येक डब्यावर खडूने आकडा, ज्या क्रमाने काढशील त्या क्रमाने ठेव म्हणाले.

नवीन हिशेब केलाय, चुकत असेल तर सांगा. ह्या आठवड्यात पुलर आणि बेअरिंगची चौकशी. घट बसायच्या आधीच्या सुट्टीच्या शनिवार-रविवारी इंजिन खाली घेणार, धाकटा भाऊ मदतीला आहे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं म्हणून धुवायचं काम पाण्याच्या दिवशी ठेवलंय, त्याआधी डिझेलने पुसून घेणार. नवरात्रात मोजमाप आणि पुण्याची एक फेरी. खंडेनवमीला अण्णा दरवर्षी पाना-पकडीची पूजा करतात, ह्या वर्षी उघडलेली क्रँककेस पण पाटावर ठेवायची म्हणतायत. दसऱ्यानंतर क्रँक आणि ब्लॉक अक्कलकोट रोडला एमआयडीसीत देणार. दिवाळीच्या सहा दिवसांत जोडणी. एखादा पार्ट राहिलाच तर घाई न करता नोव्हेंबरचे सगळे रविवार राखीव. डिसेंबरमध्ये सकाळी सहाला रोज होटगी रोडने वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत पाचशे पूर्ण व्हायला हवेत. इग्निशन जानेवारीत.

दोनच गोष्टी अडल्यात. एक, सोलापुरात किंवा जवळपास बुलेटचा क्रँक डायलवर सेंटर करून देणारा कुणी माहितीत असेल तर मला मेसेज करा, नाव इथे टाकू नका. दुसरं, रॉड रोलरवाला टाकला तर ऑइल पंप त्याच वेळी बदलणं गरजेचं आहे का, का जुने पंप तपासून चालतील? काका, हे तुम्हीच सांगा, कारण पंप पण बदलायचे असतील तर पुण्याच्या त्याच फेरीत आणतो.