मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेचं इंजिन फ्रॉगवर (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तिथे) अडतं, कीप-अलाइव्ह (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा कपॅसिटर) कसा जोडावा?

एचओ (१:८७ मापाचं) इंजिन, ८ पिनचा डीसीसी डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारी चकती), लांब अ‍ॅड्रेस. सांध्याच्या (रूळ बदलतो त्या जागेच्या) प्लॅस्टिक फ्रॉगवर हळू चालवलं की दिवा लुकलुकतो आणि इंजिन जागीच थांबतं. आधी तर फ्रॉगनंतर सुसाट सुटायचं. सीव्ही २९ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली सेटिंग) ३८ ऐवजी ३४ लिहून डीसी मोड (साध्या डीसी विजेवर चालणं) बंद केला, तेव्हा ते सुसाट सुटणं थांबलं. मल्टीमीटरवर मागच्या बोगीचं एक चाक करंट घेत नाही असं दिसलं. पितळी पत्ती चाकापासून केसभर दूर आहे, ती वाकवतोच.

तरी कीप-अलाइव्ह हवाच वाटतो: १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, चार्जिंगसाठी १०० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर डायोड, कॅथोड डिकोडरच्या निळ्या (पॉझिटिव्ह) वायरीकडे. एवढ्याने प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग करायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचणं बिघडेल का, की मध्ये स्विच ठेवू? आणि डिकोडरवरचा ग्राउंड पॅड (कपॅसिटरचं निगेटिव्ह टोक जोडायची जागा) खात्रीने कसा ओळखायचा?