हापूस डझनाला बाराशे: हा भाव पटतो का?

पुणेकरीण: अक्षय्य तृतीयेसाठी आंबे आणायला गेले. मध्यम आकाराचा हापूस, डझनाला बाराशे! दोनदा विचारलं, आकडा तोच. म्हणजे एक आंबा शंभराला. घरात सहा माणसं, अर्धा डझन घेऊन परत आले. त्यातही दोन साक्याचे, म्हणजे आतून खराब निघाले. एवढा भाव कशाचा? आणि यातलं बागायतदाराला किती मिळतं?

राजापूरचा बागायतदार: ताई, निम्मंही मिळत नाही, विक्रीच्या हिशेबाची पट्टी बघून सांगतोय. तुडतुडा, फुलकिडे, भुरी, प्रत्येकासाठी फवारणी. थंडी लांबली की पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळतात. मार्चच्या उन्हात फळ भाजतं. राखणीला नेपाळी गडी, त्यांचा पगार. माकडं ती वेगळीच! पेटी, गवत, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं, हमाली जाऊन उरेल ते आमचं. मे अखेरीस हाच आंबा कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, किलोवर जातो, तेव्हा त्या दराबद्दल कुणी विचारत नाही.

ठाणेकर: कष्ट मान्य, पण भाव मान्य नाही. कोकणच्या नावाने कर्नाटकातला आंबा सर्रास विकला जातो. 2018 साली पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? कोकणचे पैसे मोजून भलतंच फळ घरी येत असेल तर ती फसवणूक आहे.

चिंचवडकर: आंबा म्हणजे औषध नव्हे. हंगामाच्या सुरुवातीला माल कमी, गिऱ्हाईक जास्त, भाव चढणारच. मेच्या मध्यापर्यंत थांबा, नाहीतर पायरी खा. कुणी सक्ती केलेली नाही.

पुणेकरीण: सक्तीचा प्रश्नच नाही. माझ्या लहानपणी साध्या नोकरदाराच्या घरीही आंबे पिकवायला आढी लागायची. आज दोन पगार असून आम्ही नग मोजून आंबा खातो, याचं वाईट वाटतं. आणि राजापूरचे दादा म्हणतात त्यांनाही निम्मं पोचत नाही. मग मधल्या साखळीला हिशेब विचारायला नको?

राजापूरचा बागायतदार: विचाराच. बिल मागा, त्यावर आंबा कुठला ते लिहून घ्या. थेट बागेतून घेतलात तर मधली दलाली वाचेल, तुम्हालाही स्वस्त पडेल. साका आतून धरतो, बाहेरून आम्हालाही दिसत नाही, त्यामुळे त्याची हमी देणार नाही. पण बागेतला भाव याहून खाली आणा म्हणाल, तर ते मला परवडणार नाही.