माठातलं पाणी गार का? ‘शास्त्रीय कारण’ कोणत्या भाषेत लिहायचं? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाझर

भाची आठवीत आहे. सहामाहीला ‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये नेहमीचा प्रश्न आला: मातीच्या माठातले पाणी थंड राहते. तिनं लिहिलं:

‘माठ पाझरतो. बाहेर आलेली ओल हवेत उडून जाते. जाताना ती ऊब घेऊन जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. रत्नागिरीला आजीकडे माठ एवढा गार होत नाही, कारण तिथली हवा आधीच दमट असते.’

दोनपैकी एक गुण. शेरा: ‘बाष्पीभवन शब्द नाही. भाषा शास्त्रीय नाही.’

तिच्या मैत्रिणीला पूर्ण गुण: ‘माठाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून शोषली जाते. म्हणून पाणी थंड राहते.’

हे उत्तर बरोबरच आहे. पण मी मैत्रिणीला विचारलं, बाष्पीभवनाला उष्णता का लागते गं? ती म्हणाली, ‘तसं असतंच.’

माझं बोट ‘शोषली जाते’वर आहे. कोण शोषतं? वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे मुलांना प्रश्नच पडत नाही. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगानं हलत नसतात. जे फार वेगात असतात ते पृष्ठभागावरून सुटतात, मागे उरतात ते सरासरीनं मंद, म्हणून तापमान उतरतं. हे सांगायला मराठीत क्रियापदं तयार आहेत: सुटणं, आटणं, तापणं, निवणं. कुणी मुद्दाम केलं तर सोडणं, आटवणं, तापवणं. अशी जोडी हाताशी असताना ‘केले जाते’, ‘शोषली जाते’ कशाला? काय घडतं ते आधी क्रियापदानं सांगावं, संज्ञा मागून यावी, असं माझं मत आहे.

खडूफळा

वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. मी तो अर्धा तरी गुण कापलाच असता.

‘उडून जाते’ म्हणजे काय? अत्तर उडतं, कापूर उडतो, धूळही उडते. कापूर स्थायूतून थेट वायूत जातो, ते संप्लवन. चहाच्या आधणाला उकळी फुटते ते उत्कलन: समुद्रसपाटीच्या दाबाला १०० अंशांवर, सबंध द्रवात. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला चालतं, पण फक्त पृष्ठभागावर. एवढे फरक एका शब्दात बसतात, म्हणून तो शब्द मागायचा. पाठांतराची हौस म्हणून नव्हे.

आणि ‘ऊब घेऊन जाते’ तर नकोच. उष्णता हा एक पदार्थ आहे असं एके काळी खरंच मानत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं १७८९ साली मूलद्रव्यांच्या यादीत तिला जागा दिली होती. ती समजूत मोडायला पुढे कित्येक वर्षं गेली. आपण ती मुलांच्या वहीत परत आणायची का?

पाझर

मग ‘उष्णता शोषली जाते’ हे तरी काय आहे? फडक्यानं पाणी शोषावं तसंच ना! पदार्थाची कल्पना दोन्हीकडे आहे. एकीला लाल रेघ, दुसरीला पूर्ण गुण.

खडूफळा

हे मान्य. या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं. संज्ञेबद्दलचं म्हणणं मात्र सोडत नाही.

वऱ्हाडी ऊन

मला सगळ्यात मोलाची वाटली ती रत्नागिरीची ओळ, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावला की खोली गार होते. जुलैत तोच कूलर, तेवढंच पाणी, आणि अंग चिकट होतं. हवेत वाफ आधीच भरपूर असली की जितके रेणू सुटतात जवळजवळ तितकेच परत येतात. स्पष्टीकरणात ‘केव्हा होत नाही’ हे आलं की लिहिणाऱ्याला कळलंय अशी खात्री पटते. आदर्श उत्तरात ते नाही.

आकडाही मागायला हवा. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात. १० लिटरच्या माठातून नुसतं १०० मिलि उडालं, तर उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरेल, बाहेरून उष्णता आत शिरली नाही असं धरलं तर. हे ‘धरलं तर’ मुलांना आठवीतच लिहायला शिकवा.

पानवेल

मी वनस्पतिशास्त्राची. माझं भांडण ‘म्हणून’शी आहे. ‘पाणी वाचावं म्हणून पान रंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मिटतं’ असं लिहिलं की पानाला काही कळतं असं वाटतं. घडतं ते असं: रंध्राच्या दोन्ही कडांच्या रक्षक पेशींतलं पाणी कमी होतं, त्या ढिल्या पडतात, रंध्र मिटतं. ‘व्हावं म्हणून’ आणि ‘झालं म्हणून’ यांतला फरक कुठल्याही संज्ञेपेक्षा आधी शिकवायला हवा.

माठापुरतं मात्र ‘व्हावं म्हणून’ चालेल, कारण तो कुणीतरी घडवलाय. लोणच्याच्या बरणीला झिलई असते, माठाला नसते, ती पाणी झिरपावं म्हणूनच.

दुभाषी

पाझर, कर्मणीवर सरसकट राग नको. प्रयोगाच्या वहीत ‘५० मिलि पाणी घेतले, तापवले, तापमान मोजले’ असं लिहितो तेव्हा कर्ता गाळलेलाच असतो आणि कानाला ते खटकत नाही. खटकतं ते ‘घेण्यात आले’. शिवाय, अकरावीला ही मुलं इंग्रजीतून विज्ञान शिकणार. तिथे ‘ओल उडून जाते’ला जुळणारा शब्द कुठून शोधतील? बाष्पीभवन माहीत असेल तर नवा शब्द त्याच खुंटीला अडकवता येतो.

पाझर

प्रयोगाच्या वहीचं पटलं. तिथे आपण काय केलं ते सांगतो, कारणात काय घडलं ते.

संध्याकाळी भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं उत्तर पुन्हा लिहिलं:

‘माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरतं. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू हवेत सुटतात, मंद रेणू मागे उरतात, म्हणून पाणी गार होतं. याला बाष्पीभवन म्हणतात. हवा दमट असली तर सुटलेले बरेच रेणू परत येतात, म्हणून रत्नागिरीला माठ कमी गार होतो.’

खडूफळा

दोन गुण. पण ‘याला’ म्हणजे कशाला? गार होण्याला की सुटण्याला? ते वाक्य एक पाऊल वर घ्यायला सांगा, ‘सुटतात’च्या लगेच मागे. आणि ‘बहुधा’ राहिलं. मंद रेणूही कधीकधी शेजाऱ्याचा धक्का बसून सुटतात.