दत्तक आहे, डीएनए मॅच आलीये, आता पुढे जन्मदात्या आईपर्यंत कसं जायचं?

कोरापाट
नमस्कार मंडळी. मी दत्तक आहे हे लहानपणापासून माहितीये, घरी कधी लपवलं नाही. आता चाळिशी आली, डॉक्टर दर वेळी विचारतात घरात कोणाला शुगर, बीपी, हार्टचं काही आहे का आणि मी दर वेळी "माहीत नाही" म्हणतो, सुरुवात तिथून झाली, पण आता प्रकरण फक्त तेवढ्यावर राहिलेलं नाही. जन्मदाखल्यावर दत्तक आईबाबांचीच नावं आहेत, मूळ दाखला सीलबंद. संस्थेकडून नावं वगळून एक पान मिळालं: आई तेव्हा १९ वर्षांची, तिला दोन मोठ्या बहिणी, तिचे वडील शिक्षक. जन्मदात्या वडलांबद्दल एक ओळ नाही. मग डीएनए टेस्ट केली. सगळ्यात वरची मॅच, म्हणजे डीएनए जुळलेली व्यक्ती, एक बाई, २४१ सेंटिमॉर्गन (किती डीएनए सारखा आहे त्याचं माप), त्याखाली ऐंशी-नव्वदवाले काही आणि मग ढीगभर लांबचे. बाईंचा वंशवृक्ष आहे पण त्यात मोजकीच नावं. त्यांना सरळ विचारू का, की आधी रेकॉर्ड बघू? आणि ही मॅच आईकडची की वडलांकडची हे कळणार कसं?

जुनी दप्तरं
२४१ वाईट नाही हो, याहून कमीवर लोक पोचलेत. सख्ख्या काका-मामा-मावशीच्या मुलांशी सरासरी ८६०-८७० निघतं, पणजोबा-पणजी एक असतील तर साधारण २३०. पण रेंज फार मोठी असते. आईच्या किंवा वडलांच्या चुलत-मावस भावंडाशीसुद्धा एवढं निघू शकतं, त्यामुळे पणजोबा धरून चाला पण त्यालाच चिकटून बसू नका. आणि ज्या समाजात आपसातच लग्नं होत आलीत तिथे हा आकडा फुगतो, नातं दिसतं त्यापेक्षा लांबचं असतं. सगळ्यात लांब सेगमेंट, म्हणजे सलग जुळणारा डीएनएचा तुकडा, किती आहे ते बघा, बारीक बारीक तुकडेच जास्त असतील तर सावध.

आता मुख्य गोष्ट. आईला शोधू नका, निदान आत्ता तरी. बाईंचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, तुम्ही स्वतः वाढवा, प्रायव्हेट ठेवून. त्यांच्या पणजोबा-पणजींच्या चार जोड्या असणार, त्यातली एक तुमचीही असणार. कुठली, ते शेअर्ड मॅचेसवरून उलगडतं: बाई आणि तुम्ही दोघांनाही मॅच होणारे ते ऐंशी-नव्वदवाले घ्या, त्यांची झाडं वर नेत जा, दोन-तीन झाडांत तीच जोडी दिसली की तिथे थांबा. मग खाली या. त्या जोडीची सगळी मुलं, नातवंडं, एकही फांदी न सोडता. इथे लेकींच्या फांद्या हमखास गळतात कारण लग्नानंतर आडनाव बदलतं, म्हणून लग्नाच्या नोंदी लागतातच, आणि निधनवार्ता तर सोनं आहेत, "मागे अमुक मुली, जावई, नातवंडं असा परिवार" ही एक ओळ कधीकधी अख्खी पिढी भरून देते. मग तुमचं ते एक पान काढा. तीन बहिणी, धाकटी तुमच्या जन्मसाली १९ची, वडील शिक्षक. जनगणनेच्या जुन्या नोंदी खुल्या असतील तर त्यात व्यवसाय असतो. आणि बाईंच्या गटाशी अजिबात न जुळणारा मॅचेसचा दुसरा गट असेल तर त्याचंही असंच करा. एका गटातली मुलगी दुसऱ्या गटातल्या मुलाशी लग्न केलेली सापडली, की ते जोडपं बहुतेक तुमचे आजी-आजोबा.

टॉर्च
आईकडची की वडलांकडची यावर: "म्हणतो" लिहिलंय म्हणजे तुम्ही पुरुष. मग एक्स क्रोमोझोम फक्त आईकडून आलाय. टेस्टचा रॉ डेटा (मूळ फाइल) जेडमॅच या डीएनए तुलनेच्या साइटवर टाका, तिथे एक्स वेगळा दिसतो, बाईंचा डेटाही तिथे असेल आणि तिथला सेगमेंट चांगला लांब असेल तर आईची बाजू. एक्सवर काही नसेल तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. वडलांसाठी नंतर वाय क्रोमोझोमची टेस्ट करा, वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, कधी आडनावाचा धागा लागतो.

एकशेदहा
एवढी झाडं वाढवत बसण्यापेक्षा बाईंना मेसेज टाका ना सरळ. माणसं म्हातारी होतायत.

दुसरीबाजू
एकशेदहा, तुमची घाई कळते पण थांबा. मी मूल दिलेली बाई आहे. माझ्या घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. माझ्या मुलीने आधी माझ्या भाच्याला गाठलं, "तुमची मावशी माझी आई असावी" असं लिहून, आणि मला कळायच्या आत घरभर झालं. तिच्यावर राग नाही, भेटतो आम्ही, पण ते पहिले महिने वाईट गेले. तेव्हा बाईंना लिहायचं तर "आपली मॅच दिसतेय, तुमच्या पणजोबांची नावं, गावं सांगाल का" एवढंच लिहा. दत्तक हा शब्द नको, खोटंही नको. आणि आई सापडली की पहिलं पत्र तिलाच, बंद पाकिटात.
अजून एक, त्या पानावरचं सगळं खरं धरू नका. मी वय खरं सांगितलं होतं, मुलीच्या बापाबद्दल बरंच गाळलं होतं.

जुनी दप्तरं
ताई, पटलं. कोरापाट, सीलबंद म्हणजे कायमचं असंही समजू नका. स्कॉटलंडमध्ये १९३० पासून सज्ञान दत्तकांना मूळ नोंद मिळते, इंग्लंड-वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने मिळायला लागली, न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये उघडली. दत्तक दुसऱ्या देशातून झालं असेल तर १९९३ च्या हेग करारातलं ३०वं कलम वाचा, मुळाची माहिती जपायची जबाबदारी सरकारवर टाकलीये, बघू द्यायचं ते मात्र तिथल्या कायद्यात बसेल तेवढंच. शिवाय तुमचं दत्तक जिथे झालं तिथे दत्तक संपर्क रजिस्टर (दत्तक गेलेली मुलं आणि जन्मदाते एकमेकांना भेटायची तयारी नोंदवतात ते) असेल तर नाव घाला, आईने आधीच घातलं असेल तर वरचा सगळा खटाटोप वाचला.

कोरापाट
रजिस्टरचं माहीतच नव्हतं, फॉर्म डाउनलोड केलाय. बाईंना ताईंनी सांगितलं तसं दोन ओळीत लिहिलं, लगेच उत्तर आलं, त्यांच्या आजीकडची यादी पाठवतायत. टॉर्च, जेडमॅचवर बाई नाहीत पण नव्वदवाल्यांपैकी एक आहे, एक्सवर २८ सेंटिमॉर्गन दिसतंय, ते चालेल का?

टॉर्च
२८ चालेल, आईकडचाच धरा. त्याचं झाड वर नेताना जिथे बाप-मुलगा असं लागोपाठ येईल ती रेघ खोडा, एक्स तिथून येऊच शकत नाही.